सवानीचा १८९९ चा हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा दिवसांत पाच सामने, पाचही परगावी, पाचही जिंकलेले आणि समोरच्याला एकही गुण नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल ही एवढी ओळ कुठेतरी वाचलेली असते आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यांतले पुन्हापुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग नियमांचे, शेवटी चकवे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एकाच गोष्टीचा दोनदा पाढा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सवानी हे कॉलेजचं नाव आहे की गावाचं?

दोन्ही. टेनेसी राज्यात कंबरलँड पठारावर सवानी नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ' आहे. एपिस्कोपल चर्चने १८५७ मध्ये ती स्थापन केली. मग यादवी युद्ध आलं, त्यामुळे वर्ग भरायला १८६८ साल उजाडलं. बोलताना सगळे तिला गावाच्या नावानेच ओळखतात. तिथे फुटबॉल १८९१ मध्ये सुरू झाला, म्हणजे आपण ज्या हंगामाबद्दल बोलतोय तेव्हा संघ जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. संघाचं नाव टायगर्स, रंग जांभळा.

२. हा आपला फुटबॉल, म्हणजे सॉकर, की तो हातात चेंडू घेऊन पळायचा?

हातात घेऊन पळायचा. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला जात होता, तो सॉकर. सवानीचा खेळ रग्बीच्या पोटातून निघालेला. घोळ होतो, कारण अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून ६ नोव्हेंबर १८६९ चा रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन हा सामना सांगतात, आणि तो प्रत्यक्षात सॉकरच्याच जवळचा होता: एका बाजूला २५ जण, चेंडू हातात घेऊन पळायला बंदी. पुढे रग्बीचे नियम आले. १८८० मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्पच्या आग्रहावरून ११ खेळाडू आणि 'स्क्रिमेज' (चेंडू एकाच संघाच्या ताब्यात ठेवून डाव सुरू करायची पद्धत) आलं, १८८२ मध्ये 'डाऊन' (ठरलेलं अंतर कापायला मिळणाऱ्या मोजक्या संधी) आले, आणि अमेरिकन फुटबॉल रग्बीपासून वेगळा झाला.

३. हंगामाचे सगळे निकाल एका ठिकाणी मिळतील का?

बारा सामने, बारा विजय. सवानीचे गुण आधी लिहिले आहेत.

२१ ऑक्टोबर, जॉर्जिया, अटलांटा: १२–०
२३ ऑक्टोबर, जॉर्जिया टेक, अटलांटा: ३२–०
२८ ऑक्टोबर, टेनेसी, सवानी: ४६–०
३ नोव्हेंबर, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन, सवानी: ५४–०
९ नोव्हेंबर, टेक्सस, ऑस्टिन: १२–०
१० नोव्हेंबर, टेक्सस ए अँड एम, ह्यूस्टन: १०–०
११ नोव्हेंबर, तुलेन, न्यू ऑर्लिन्स: २३–०
१३ नोव्हेंबर, लुईझियाना स्टेट, बॅटन रूज: ३४–०
१४ नोव्हेंबर, मिसिसिपी, मेंफिस: १२–०
२० नोव्हेंबर, कंबरलँड, सवानी: ७१–०
३० नोव्हेंबर, ऑबर्न, माँटगोमेरी: ११–१०
२ डिसेंबर, नॉर्थ कॅरोलायना, अटलांटा: ५–०

एकूण ३२२ विरुद्ध १०. ते दहाच्या दहा गुण ऑबर्नचे (प्रश्न १४). घरच्या मैदानावर फक्त तीन सामने झाले, हेही यादीतून दिसतं.

४. टचडाऊनला सहा गुण असतात ना? मग १०–०, २३–० हे आकडे कसे येतात?

टचडाऊन म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं. त्याला सहा गुण १९१२ पासून. १८९९ मध्ये टचडाऊनला ५, टचडाऊननंतरच्या गोलला (चेंडू लाथेने दोन खांबांमधून दांडीवरून मारणं) १, खेळ चालू असताना मारलेल्या मैदानी गोललाही ५ आणि सेफ्टीला, म्हणजे समोरचा संघ स्वतःच्याच गोलरेषेमागे चेंडूसह अडकला तर, २ असा हिशेब होता. १० म्हणजे दोनदा पाच, वरचा एकेक गुण हुकलेला. १२ म्हणजे दोन टचडाऊन आणि दोन्ही गोल. २३ चा सरळ हिशेब चार टचडाऊन आणि तीन गोल असा बसतो.

तो वरचा एक गुण आज फुकटात पडल्यासारखा वाटतो. तेव्हा तसं नव्हतं. चेंडू रेषेपलीकडे जिथे टेकवला, त्या जागेसमोरून तो सरळ मैदानात मागे आणायचा आणि तिथून लाथ मारायची. कोपऱ्यात टचडाऊन केला तर खांब इतके तिरके दिसायचे की गोल जवळजवळ अशक्य. म्हणून धावणारा रेषा ओलांडल्यावरही मधल्या बाजूला सरकायची धडपड करायचा आणि विरोधक त्याला तिथेही अडवायचे. दुसरी वाट 'पंट-आउट'ची: रेषेमागून एकाने चेंडू उंच मारायचा, मैदानात उभ्या जोडीदाराने तो झेलायचा आणि झेललेल्या जागेवरून गोल मारायचा. झेल सुटला की गुण गेला. शिवाय चेंडू धरणारा पोटावर आडवा पडून तो जमिनीपासून किंचित वर धरायचा. चेंडू जमिनीला टेकला रे टेकला की गोलरेषेमागचे विरोधक धावून यायचे.

५. सामना किती वेळ चालायचा? मैदान केवढं?

३५ मिनिटांचे दोन भाग, मध्ये १० मिनिटं विश्रांती. चार पाव-भाग १९१० मध्ये आले. दोन्ही कर्णधारांच्या संमतीने भाग आखूड करता येत, आणि तसं बऱ्याचदा व्हायचं, कारण मैदानावर दिवे नव्हते. सामना दुपारी उशिरा लागला, गर्दी मैदानात शिरली, पंचांशी वाद झाला की नोव्हेंबरचा सूर्य कुणासाठी थांबत नसे. त्याच हंगामात ऑबर्न आणि जॉर्जिया यांचा सामना अंधारामुळे पुरा झाला नाही.

मैदान ११० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद, म्हणजे साधारण १००.६ बाय ४८.८ मीटर. दर पाच यार्डांवर आडवी रेघ. वरून ते भट्टीवरच्या जाळीसारखं दिसतं, त्यावरूनच मैदानाला 'ग्रिडआयर्न' म्हणतात. गोलचे खांब थेट गोलरेषेवर, एकमेकांपासून साडेअठरा फुटांवर, आडवी दांडी दहा फुटांवर. आजच्यासारखा मागे आखलेला एंड झोन नव्हता. पंच तीन: चेंडूवर लक्ष ठेवणारा रेफ्री, माणसांवर लक्ष ठेवणारा अंपायर आणि अंतर मोजणारा लाइन्समन.

६. तेव्हाचा खेळ आजच्यापेक्षा नेमका कुठे वेगळा?

सगळ्यात मोठा फरक म्हणजे चेंडू पुढे फेकायला बंदी. पुढचा पास १९०६ मध्ये कायदेशीर झाला. १८९९ मध्ये चेंडू पुढे न्यायचा तर हातात धरून पळत, नाहीतर लाथेने.

तीन डाऊनमध्ये पाच यार्ड पुढे जायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण समोरच्यालाही ठाऊक असतं की तुम्ही पळतच येणार, त्यामुळे त्याचे अकराही जण पुढेच दाटीवाटीने उभे असत. दोन ओळींमधली मोकळी पट्टीही १९०६ नंतरची. तोवर नाकाला नाक लावून उभं राहायचं आणि चेंडू सुटायच्या आधीच ठोसाठोसी सुरू. 'फ्लाइंग वेज' ही धावत येणारी पाचर १८९४ मध्ये बंद झाली होती, तरी चेंडूवाल्याला मागून ढकलणं आणि पुढून ओढणं चालूच होतं.

क्वार्टरबॅक हा आजच्यासारखा राजा नव्हता. मधल्या खेळाडूकडून त्याला चेंडू मिळायचा, पण तो घेऊन स्वतः ओळ ओलांडून पुढे पळायची त्याला मुभा नव्हती. दुसऱ्याच्या हाती द्यावाच लागे. म्हणून जुन्या वृत्तान्तांत हाफबॅक आणि फुलबॅक या मागे उभं राहून चेंडू घेऊन पळणाऱ्यांची नावं भरभरून येतात आणि क्वार्टरबॅकचं क्वचित.

लाथेचं महत्त्व आज कळणार नाही इतकं होतं. आपल्या गोलजवळ अडकलं की पहिल्याच डाऊनला पंट मारून (हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत लाथेने लांब उडवून) मोकळं होण्यात कमीपणा नव्हता. चेंडू लांब मारायचा, समोरच्याला त्याच्या कोपऱ्यात कोंडायचं आणि तो चुकायची वाट बघायची. सवानीचा फुलबॅक ऑर्मंड सिमकिन्स या कामात तरबेज होता. दौऱ्यातल्या थकलेल्या पायांना हा मार्ग परवडणाराही होता, कारण एका लाथेत जेवढं अंतर मिळे तेवढ्यासाठी एरवी सात-आठ वेळा अंगावर ढीग घ्यावा लागे.

एक जुना अपवाद बहुतेकांना चकवतो: पाच यार्ड जमले नाहीत, पण संघ चेंडू घेऊन वीस यार्ड मागे गेला, तर चेंडू त्याच्याकडेच राहायचा. वृत्तान्तात संघ मुद्दाम मागे पळताना दिसला तर तो वेडेपणा नव्हे.

७. सहा दिवसांत पाच सामने ठेवायची गरजच काय होती?

पैसा. सवानीचा ठरलेला मोठा सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टशी असायचा आणि तिकिटांचं खरं उत्पन्न त्यातून यायचं. त्या उत्पन्नाच्या वाटणीवरून दोन्ही बाजूंचं बिनसलं आणि १८९९ चा सामना झालाच नाही. संघाचा मॅनेजर ल्यूक ली हा स्वतः विद्यार्थी. त्याने खड्डा भरून काढायला एकाच फेरीत पाच सामने बांधले.

हिशेब साधा होता. सवानी डोंगरावरचं खेडं, तिथे प्रेक्षक किती येणार? उत्पन्न हवं तर शहरात जायला हवं. शहरं लांब, रेल्वेभाडं जबर. टेक्ससपर्यंत जाऊन एकच सामना खेळून परत यायचं म्हणजे भाडंही सुटणार नाही. तेच भाडं पाच सामन्यांवर विभागलं की फेरी अंगावर येत नाही, आणि सामने जितके जवळजवळ तितका मुक्कामाचा खर्च कमी. पराक्रम वगैरे पुढे झाला. मूळ कागद जमाखर्चाचा होता.

८. त्या काळी इतक्या लांब इतक्या पटकन पोचले कसे?

रात्रीच्या गाड्यांनी. झोपायची सोय असलेला रेल्वेचा डबा हेच त्यांचं लॉज. दुपारी खेळायचं, संध्याकाळी गाडी धरायची, सकाळी पुढच्या गावी उतरायचं. गुरुवारी ऑस्टिन, तिथून सुमारे २६५ किलोमीटरवर ह्यूस्टन, शुक्रवारी सामना. मग सगळ्यात अवघड रात्र: ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स साडेपाचशे किलोमीटरच्या वर, आणि शनिवारी दुपारी मैदानात हजर. रविवारी खेळ नाही. सोमवारी सुमारे १३० किलोमीटरवरचं बॅटन रूज, तिथून रातोरात मेंफिस आणि मंगळवारी शेवटचा सामना. जाऊन-येऊन एकूण प्रवास सुमारे २५०० मैल, म्हणजे ४००० किलोमीटर.

एक गाडी चुकली असती तर पुढची सगळी साखळी कोलमडली असती. त्यामुळे या दौऱ्यात वेळापत्रक आखणाऱ्याचं श्रेय खेळणाऱ्यांइतकंच धरावं लागतं.

९. बूट घरीच विसरले होते, ही गोष्ट खरी का?

दौऱ्याच्या आठवणींत ती कायम येते: खेळायच्या बुटांची पिशवी मागेच राहिली, लीच्या ते लक्षात आलं, तारा गेल्या आणि मागून आलेल्या गाडीने बूट ऑस्टिनच्या सामन्याआधी पोचले. बूट येणं का महत्त्वाचं, तर तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकलेल्या या बुटांशिवाय ढकलाढकलीत पाय रोवणं अशक्य. शहरी बुटांत अकराच्या अकरा जण घसरले असते.

१०. पाण्याची पिंपं बरोबर का नेली?

सवानीच्या झऱ्याचं पाणी त्यांनी गाडीतून नेलं. नखरा म्हणून नव्हे. परक्या गावचं पाणी म्हणजे हगवण आणि विषमज्वराचा धोका. न्यू ऑर्लिन्समध्ये तर तेव्हा घरोघरी लाकडी टाक्यांत साठवलेलं पावसाचं पाणी प्यायचे. शहरात गाळलेल्या पाण्याचा पुरवठा पुढच्या दशकात आला. राखीव गडी इतके कमी (प्रश्न ११) की दोघांचं पोट बिघडलं असतं तरी दौरा तिथेच आटोपला असता.

११. बदली खेळाडू होते का? एकच अकरा जण सगळे सामने खेळले?

बदली खेळाडू होते, पण आजच्यासारखी आक्रमणाची आणि बचावाची वेगळी फळी नव्हती. तोच माणूस दोन्ही करायचा, लाथही मारायचा. त्यात नियम असा की एकदा बाहेर पडलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणून लागलं-खुपलं तरी कर्णधार कुणाला बाहेर काढायला धजत नसे. काढला म्हणजे गेलाच. दौऱ्यावर दोन पूर्ण अकरा उभे राहतील इतकीही माणसं नव्हती आणि खेळाचा भार मूठभरांवरच होता. 'लोहपुरुष' हे बिरुद त्यांना तिथून चिकटलं.

लक्षात ठेवायची नावं: कर्णधार आणि हाफबॅक हेन्री सायबल्स, ज्याला सगळे 'डिडी' म्हणत, फुलबॅक सिमकिन्स, क्वार्टरबॅक 'वॉर्बलर' विल्सन, लाइनमधला 'वाइल्ड बिल' क्लेबोर्न, ज्याला एका डोळ्याने दिसत नसे. प्रशिक्षक बिली सूटर, प्रिन्स्टनमध्ये तयार झालेला.

१२. हेल्मेट नव्हतं म्हणतात. मग इजा?

हेल्मेट सक्तीचं नव्हतं आणि बहुतेक जण घालत नसत. केस दाट वाढवायचे हाच उपाय. नाकावर रबरी आच्छादन, नडगीवर पट्ट्या, कापूस भरलेली जाड विजार, वर कॅनव्हासची घट्ट बंडी. ऑस्टिनच्या सामन्यात सायबल्सचं डोकं फुटलं, तरी तो खेळत राहिला. हे आज कौतुकाने सांगितलं जातं. आमच्या मते त्यात कौतुकापेक्षा प्रश्न ११ मधल्या बदलीच्या नियमाचा हात जास्त. अशाच खेळामुळे पुढे मृत्यूंचा आकडा इतका वाढला की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून घेतलं. प्रश्न ६ मधले १९०६ चे बदल त्यानंतरचे.

१३. "आणि सातव्या दिवशी त्यांनी विश्रांती घेतली" हे वाक्य बरोबर आहे का?

कानाला छान, पंचांगात चूक. हे बायबलमधल्या सृष्टीच्या निर्मितीवरून बेतलेलं आहे आणि चर्चच्या कॉलेजला शोभतंही. पण विश्रांतीचा दिवस चौथा होता: रविवार, १२ नोव्हेंबर. त्या दिवशी संघ न्यू ऑर्लिन्सजवळचा उसाचा मळा बघायला गेला होता. म्हणून अचूक सांगायचं तर 'सलग पाच दिवस पाच सामने' नव्हे, 'सहा दिवसांत पाच, मध्ये एक रविवार'. आणि हंगाम तिथे संपलाही नाही. प्रश्न ३ मधल्या यादीत त्यानंतरचे तीन सामने आहेत.

१४. ऑबर्नने दहा गुण कसे काय केले? बाकी कुणालाच जमलं नाही ना?

ऑबर्नचा प्रशिक्षक जॉन हाइसमन होता. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला आज ज्याच्या नावाचा चषक देतात, तोच. त्याचा संघ चपळ होता. एक डाव संपून ढीग सुटायच्या आत दुसरा सुरू करायचा, समोरच्याला ओळ लावायला वेळच द्यायचा नाही, ही त्याची पद्धत. ढकलाढकलीत भारी पडणाऱ्या संघाला नेमकं हेच जड जातं, कारण त्याची ताकद पाय रोवून उभं राहण्यात असते.

३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत ११–१० असा निकाल लागला. फरक एका गुणाचा, म्हणजे एका लाथेचा (प्रश्न ४). सामन्यानंतर हाइसमनने पंचगिरीवर वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. तेव्हा पंच दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमले जात आणि बऱ्याचदा ते जुने खेळाडूच असत, त्यामुळे असले वाद नवे नव्हते. निकाल बदलला नाही.

१५. हंगामातला सगळ्यात कठीण टप्पा तो दौराच ना?

लोकप्रिय उत्तर 'हो'. आमचं उत्तर: थांबा जरा. दौऱ्यातल्या पाच सामन्यांत ९१ गुण केले, शून्य दिले. शेवटच्या दोन सामन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबर आणि २ डिसेंबरला, केले १६ आणि दिले १०. तीन दिवसांत दोन सामने, दोन्ही परगावी, दोन्ही तगड्या संघांशी, आणि दोन्हींत एक चूक झाली असती तर अजिंक्यपण गेलं असतं. दौऱ्याला दंतकथेचं तेज आहे, म्हणून माँटगोमेरी आणि अटलांटा झाकोळून जातात. पहिले दोन सामनेही शनिवार-सोमवार असे लागून होते, हे कुणी सांगतच नाही. पहिल्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत ४३ दिवस. त्यात बारा सामने.

१६. मग ते त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते होते का?

तेव्हा राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती, क्रमवारी नव्हती. पूर्वेकडची वर्तमानपत्रं पूर्वेकडच्या कॉलेजांपलीकडे बघत नसत. मागाहून तयार झालेल्या याद्यांत १८९९ साठी सहसा हार्वर्डचं नाव येतं: दहा विजय आणि येलशी बरोबरी. दोन्ही संघ एकमेकांशी कधी खेळले नाहीत, त्यामुळे वाद घालायला कायमची सोय आहे. सवानी दक्षिणेतला विजेता, एवढं निर्विवाद म्हणता येतं. त्यालाही एक फाटा आहे, तो पुढच्या प्रश्नात.

१७. व्हँडरबिल्टशी खेळलेच नाहीत, तर दक्षिणेचे विजेते कसे?

हा प्रश्न रास्त आहे. दक्षिणेतल्या कॉलेजांची संघटना १८९४ मध्ये व्हँडरबिल्टच्याच विल्यम डडली यांच्या पुढाकाराने स्थापन झाली होती. पण गुणतक्ता, ठरलेलं वेळापत्रक, अंतिम सामना यांतलं काहीच नव्हतं. कोण कुणाशी खेळणार ते मॅनेजर लोक पत्रांनी आणि तारांनी ठरवायचे. हंगाम संपला की ज्याला कुणी हरवलं नाही आणि ज्याने नावाजलेले संघ हरवले, तो विजेता. या कसोटीवर जॉर्जिया, टेनेसी, टेक्सस, ऑबर्न आणि नॉर्थ कॅरोलायना हरवणाऱ्या सवानीपुढे दुसरा कुणी उभा राहत नाही. व्हँडरबिल्टशी सामना का झाला नाही, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१८. ३२२ गुण आजच्या पद्धतीने किती होतील?

प्रत्येक टचडाऊनला एक गुण वाढवा आणि झालं, असं करू नका. दोन अडचणी आहेत. पाच गुण टचडाऊनचे की मैदानी गोलचे, हे निकालाच्या आकड्यावरून कळत नाही. आज मैदानी गोलला फक्त तीन मिळतात. दुसरं, तेव्हा मैदानी गोल आणि टचडाऊन सारख्याच किमतीचे असल्यामुळे कर्णधार निर्णयच वेगळे घ्यायचा. नियम बदलला असता तर खेळही बदलला असता. तुलना करायची तर गुणांची करू नका, दिलेल्या शून्यांची करा: बारापैकी अकरा.

१९. संघात सगळे गोरेच होते का?

खेळाडू सगळे गोरे. दक्षिणेत तेव्हा वर्णभेद कायद्याने आणि व्यवहाराने पक्का होता. दौऱ्यावर संघाबरोबर कॅल बरोज नावाचा कृष्णवर्णीय ट्रेनर होता. रोज रात्री गाडीत अंग रगडून, सूज उतरवून, पट्ट्या बांधून ही माणसं दुसऱ्या दुपारी उभी राहतील असं बघणं त्याचं काम. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांचा फुटबॉल तेव्हा वेगळा चालला होता. त्यांचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना बिडल आणि लिव्हिंग्स्टन यांच्यात १८९२ मध्ये झाला.

२०. जुन्या निकालांत कॉलेजांची नावं जुळत नाहीत. मदत करा.

ऑबर्न हे गावाचं नाव; कॉलेजचं अधिकृत नाव तेव्हा अलाबामा पॉलिटेक्निक. साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन तेव्हा टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलला होतं, आज ते मेंफिसमधलं ऱ्होड्स कॉलेज. कंबरलँड म्हणजे लेबननचं, जे १९१६ मध्ये जॉर्जिया टेककडून २२२–० असं हरलं तेच. तेव्हा टेकचा प्रशिक्षक होता प्रश्न १४ मधला हाइसमन. 'ओल मिस' म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ. गावांतही गफलत होते: ए अँड एमचा सामना त्यांच्या गावी नव्हे, ह्यूस्टनला झाला आणि मिसिसिपीचा सामना टेनेसीतल्या मेंफिसला. मोठं शहर, जास्त तिकिटं.

२१. पुढे या मंडळींचं आणि संघाचं काय झालं?

ल्यूक लीने नॅशव्हिलमध्ये वर्तमानपत्र काढलं आणि १९११ ते १९१७ तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये होता. जानेवारी १९१९ मध्ये काही सहकाऱ्यांना घेऊन तो हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या जर्मन कैसरला उचलून आणायला थेट त्याच्या वाड्यापर्यंत पोचला. बेत फसला. पाच सामन्यांचं वेळापत्रक जुळवणाऱ्याला हेही जमेल असं वाटलं असावं. सायबल्स १९७३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

संघाची कथा उतरती. मोठी सरकारी विद्यापीठं हजारोंनी वाढली, सवानी लहानच राहिली. १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) स्थापन झाली तेव्हा सवानी संस्थापकांत होती, पण त्या कॉन्फरन्समधले तिचे ३७ सामने झाले आणि सगळे ती हरली. १९४० मध्ये ती बाहेर पडली. आज संघ तिसऱ्या श्रेणीत, खेळाची शिष्यवृत्ती नसलेल्या कॉलेजांशी खेळतो.

२२. आमच्या कॉलेजात १८९९ च्या नियमांनी एक प्रात्यक्षिक सामना खेळवायचा आहे. काय लागेल?

पूर्ण मैदान मिळालं तर प्रश्न ५ ची मापं घ्या. दर ४.५७ मीटरवर फक्कीची रेघ, दोन गोलरेषांच्या मध्ये एकवीस रेघा येतील. खांब गोलरेषेवर, मध्ये ५.६४ मीटर, दांडी ३.०५ मीटरवर. चेंडू रग्बीचा घ्या. आजचा निमुळता अमेरिकन चेंडू फेकायला सोयीचा आहे, तेव्हाचा फुगीर होता आणि ड्रॉप किकसाठी, म्हणजे चेंडू जमिनीवर सोडून तो उसळताच मारायच्या लाथेसाठी, तोच बरा उसळतो.

अंगावर झेपावणं पूर्ण बंद ठेवा. कमरेला दोन्ही बाजूंना कापडी पट्टी खोचा. पट्टी ओढली की तो डाऊन संपला. ढकलणं, ओढणं, पाचर करणं नको. दोन ओळींत एक मीटर मोकळी जागा ठेवा. १८९९ मध्ये ती नव्हती, पण नाकं शाबूत राहिलेली बरी. भाग पंधरा-पंधरा मिनिटांचे पुरेत. पंच तीनच नेमा आणि अंतर मोजणाऱ्याच्या हाती ४.५७ मीटरची दोरी द्या, दोन टोकांना काठ्या बांधून.

बिघडतं कुठे? तीन ठिकाणी. सवयीने कुणीतरी चेंडू पुढे फेकतो. तो लगेच विरोधकांना देऊन टाका, म्हणजे पुन्हा होत नाही. क्वार्टरबॅक स्वतःच पळत सुटतो. आणि बाहेर गेलेला खेळाडू पाणी पिऊन परत शिरतो, त्यासाठी बाहेर पडणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्यायला एक माणूस कडेला बसवा. पहिली दहा मिनिटं दोन्ही संघ धावूनच पाच यार्ड काढायला बघतील आणि अडकतील. मग कुणाला तरी पंट मारायचं सुचेल, आणि तिथून पुढे सामना १८९९ सारखा दिसू लागेल.